फडक्याखालचा भाव

फडकं जाड होतं, ही पहिली अडचण.

नाटकाच्या तालमीत आमचे नट बाळा आणि गणू समोरासमोर बसले, हातांवर उपरणं टाकलं आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून कापसाचा भाव ठरवू लागले. मी शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथून दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसल्यासारखी दिसत होती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"मालक, लोकांना काही कळणार नाही," मी म्हणालो.

"मग काढून टाका. पंत, फार्स आहे तो. वेद नव्हे."

फार्स म्हणजे मुख्य नाटकानंतरचा छोटा विनोदी खेळ. आमची कंपनी पौराणिक नाटकं करी. रात्रभर देव आणि राक्षस लढले की उरलेल्या लोकांना जागं ठेवायला फार्स. तो लिहिणं माझ्याकडे होतं. देवांच्या तोंडी जे घालता येत नाही ते तिथे घालता येई. लाच खाणारे कारकून, मुलीच्या लग्नात पैसे घेणारे बाप, सगळे लिहून झाले होते. फिरून फिरून अंगात त्राण नसे, पण फार्स लिहायला बसलो की थोडं बरं वाटे.

अमरावतीत मुक्काम पडला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायतेला वऱ्हाड आठवलं. बाजारात गाडीला गाडी इतकी चिकटलेली की पायी माणसाला वाट मिळत नसे. भाव चढत होता, पण तो शेतकऱ्याच्या कानावर पडत नव्हता, कारण तो बोललाच जात नसे. दलाल आणि खरेदीदार फडक्याखाली बोटं धरून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेजारी उभा. फडकं निघालं की दलाल त्याला एक आकडा सांगे. खरा आकडा फडक्याखालीच राही.

कंपनीत येण्याआधी मी दोन वर्षं एका अडत दुकानात वजनं लिहिली होती. खुणा मला पाठ होत्या. एक बोट धरलं तर दहा रुपये. चार बोटं, चाळीस. वर मनगट दाबलं तर आणखी पाच.

"काढायचं नाही. दाखवायचं," मी मालकांना म्हणालो. फार्सात सूत्रधार असे, म्हणजे प्रेक्षकांशी बोलून खेळ पुढे नेणारा. ते काम मीच करत होतो. फडक्याखाली बाळा जी खूण करील, ती मी हात उंच करून दाखवायची आणि अर्थ मोठ्यानं सांगायचा, असं ठरवलं.

बाळा म्हणाला, "म्हणजे काम आम्ही करायचं आणि टाळ्या तुमच्या मनगटाला."

आमचा मुक्काम तुळसाबाईच्या मळ्यात होता. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा दीर नामदेव मळा बघत. वांगी, मेथी, झेंडू. त्या वर्षी भाव चढतोय एवढं ऐकून त्यांनी अर्ध्या मळ्यात कापूस लावला होता. त्याच्या पैशातून विहीर खोल करायची होती. मागच्या उन्हाळ्यात मोटेतून पाण्यापेक्षा चिखलच जास्त वर आला होता. असा आणखी एक उन्हाळा गेला तर मळा उरणार नव्हता.

मेथी निवडत ती तालीम बघे. एकदा म्हणाली, "भाऊ, हे खरं हाय का, का नाटकातलंच?"

"खरं आहे. मी रोज बघत होतो."

"मंग मीच जातो न बाजारात. पन बाईचा हात धराले लागन म्हटलं त दलाल पयूनच जाईन." ती स्वतःच हसली आणि तिनं हाक मारली, "नामदेवा, इकडे ये. शीक."

नामदेव माझ्यासमोर बसला. संध्याकाळपर्यंत त्याला सगळ्या खुणा आल्या. जाताना म्हणाला, "मंगळवारी आपला कापूस. दलालाले बाजूले सारतो अन् मीच हात घालतो."

खेळाचा मांडव रतनशेठ नावाच्या बड्या दलालानं घालून दिला होता. पहिली रांग त्याची आणि त्याच्या सोबत्यांची. फार्स सुरू होण्याआधी मालक माझ्या कानाशी लागले. "शेठ उठून गेले तर उद्या मांडव नाही, एवढं ध्यानात ठेवा."

शेठ उठले नाहीत. सगळ्यांत जास्त तेच हसले. मनगटाच्या खुणेला मांडीवर थाप मारून ओरडले, "वन्स मोर! पंत, ते मनगटाचं पुन्हा दाखवा!" ती खूण मी तीनदा दाखवली. मागे शेतकरी बसले होते. ते हसत नव्हते. स्वतःचं मनगट दाबून बघत होते. शेवटी शेठ पुढे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली.

"क्या लिखा है, पंत! एकदम असली."

मालक खूश झाले. मीही झालो.

मंगळवारी मी नामदेवबरोबर बाजारात गेलो. त्यानं दलालाला सांगितलं, "हात मीच घालतो." दलाल लगेच बाजूला झाला. इतक्या सहज कसा झाला, हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. खरेदीदारानं फडकं टाकलं. थोड्या वेळानं नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा उजळला होता की मला भाव न विचारता कळला. त्यानं मान हलवली. फडकं निघालं.

बाजाराची रीत अशी की फडकं निघालं म्हणजे सौदा पक्का. मग मागे फिरायचं नाही.

खरेदीदारानं काट्यावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, "पस्तीस."

"पस्तीस काहून?" नामदेव म्हणाला. "चार बोटं धरली तुमी, वरून मनगट दाबलं. पंचेचाळीस!"

"मनगट दाबलं म्हंजे पाच कमी, भाऊ."

"कमी नाही, जास्त! हे पंत उभे हायत, इचारा त्यायले."

"पंत नाटकातले. बाजारात कमीच."

आजूबाजूचे दलाल गंभीरपणे माना हलवत होते. रतनशेठ काट्याजवळच उभे होते. त्यांनी मला रामराम केला.

"पंत, तुमचा खेळ झाला अन् दुसऱ्या दिवशी आमी सारे बसलो. खुना बदलाले कितीक वेळ लागते? दोन चिलमा झाल्या, बस." मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "शाल गरम हाय न?"

शेजारच्या गाडीवाल्याचा सौदा दलालानं नेहमीसारखाच केला होता. फडक्याखाली काय ठरलं, कोण जाणे. आपला वाटा खाऊनही त्यानं गाडीवाल्याला अडतीस दिले. म्हणजे काहीच माहीत नसलेल्याला अडतीस मिळाले आणि मी शिकवलेल्याला पस्तीस.

मळ्यात परतलो तेव्हा तुळसाबाई वांग्यांना पाणी देत होती. नामदेव तिच्याकडे न बघता बैल सोडायला गेला.

"किती?" तिनं मला विचारलं.

"पस्तीस."

"दुसऱ्यायले?"

"अडतीस."

तिनं विहिरीकडे मान वळवली. "मंग यंदा विहीर राह्यली," म्हणाली.

मी शाल काढून पुढे केली. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

"हे घेऊन काय मोटेले बांधू?" मग पाण्यासाठी वाफ्यांची दारं मोडता मोडता, मान वर न करता तिनं विचारलं, "भाऊ, खेळ तुमी दाखवला कोनाले? आमाले का त्यायले?"

त्यानंतरचा मुक्काम अकोला. बैलगाडीत बसून मी सगळ्या खुणा खोडल्या. शेवट बदलला. नव्या फार्सात शेतकरी झालेला गणू दलालाच्या हातावरचं फडकं ओढून घेतो, आपल्या गाडीवर अंथरतो आणि त्यावर बसतो. म्हणतो, "आता बोला. तोंडानं." दलाल झालेला बाळा तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. भाव सांगत नाही. पडदा.

"एवढंच?" बाळानं विचारलं.

"एवढंच."

अकोल्यात दलालांची पहिली रांग हसली नाही. दोघं मध्येच उठून गेले. मागची रांग मात्र इतकी हसली की बाळाला तोंड उघडून बराच वेळ थांबावं लागलं. सकाळी मांडवाचे बांबू सोडायला माणसं आली. ठरलेल्या चार खेळांपैकी तीन झालेच नाहीत.

"पंत," मालक म्हणाले, "लोक हसायला येतात."

"लोक हसले, मालक."

"मागचे हसले. मांडव मागच्यांनी घातला होता का?"

मी फार्साची वही सामानात बांधली.

आम्ही निघालो त्या दिवशी बाजारात एक शेतकरी खरोखरच फडक्यावर बसला होता. दलाल त्याच्याकडे फिरकले नाहीत. दुपारी त्यानं भरलेली गाडी घराकडे वळवली. लोक त्याला हसत होते. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. लढाई संपली आणि भाव कोसळला, त्यामुळे त्याचा फारसा फायदा झाला असेल असं वाटत नाही.

तुळसाबाईचा मळा मी नंतर एकदा जाता-जाता पाहिला. विहिरीवर मोट नव्हती. झेंडूच्या जागी कापसाच्या पऱ्हाट्या वाळत होत्या.

फार्स मी पुढेही लिहिले, पोटासाठी लिहावेच लागले. तेव्हापासून पहिल्या खेळाला माझं लक्ष पहिल्या रांगेकडे असतं. ती रांग मनापासून हसली, की मुक्कामावर येऊन मी लिहिलेलं पुन्हा वाचतो आणि कुठे चुकलो ते शोधतो.