आईचा टीव्ही आणि माझा राउटर

वडील गेल्यावर आई ओझरचं घर सोडून आमच्याकडे, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. पेन्शनची कामं स्वतः करायची, औषधं स्वतः आणायची आणि दर पौर्णिमेला बसनं एकटी ओझरच्या विहारात जायची. तिथं वंदना तीच सांगायची, पुस्तक न उघडता.

त्या सुमारास मुलीचे क्लास ऑनलाइन होते आणि आतल्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. मी बाजारातून चांगला, महागातला राउटर आणला. इंटरनेट कंपनीचा माणूस वायर बघायला आला होता, तो म्हणाला, "साहेब, तुमचा टीव्हीपण याच लाइनवर आहे. आमचाच राउटर राहू द्या. दुसरा लावला की लाइव्ह चॅनेल अडकतात कधीकधी." मला वाटलं, हा आपल्या कंपनीची बाजू घेतोय. त्यांचा राउटर मी माळ्यावर टाकला.

आतल्या खोलीत वायफाय आलं. मी, बायको आणि मुलगी मोबाइलवर, नाहीतर टीव्हीवर आधीच रेकॉर्ड झालेलं काहीबाही बघायचो. ते कधी अडकलं नाही. लाइव्ह चॅनेल बघणारी घरात एकटी आई.

"अरे, थांबला बघ परत," ती हॉलमधून हाक मारायची. मी काम सोडून जायचो. बातम्या देणारी बाई तोंड उघडं ठेवून थिजलेली असायची. मी दुसरा चॅनेल लावून परत तोच लावायचो. लगेच सुरू.

"चालतोय की. काय दाबलंस?"

"मी कशाला काय दाबू? आपोआप थांबला."

"मी लावला की बरा चालतो."

आतून मुलगी म्हणायची, "आजी, टीव्ही हॅक करतेस का गं?"

"तुझ्या बापाला विचार. इंजिनिअर तो आहे."

सुरुवातीला असं हसण्यावारी गेलं. मग माझा आवाज चढू लागला. बायकोनं रिमोटवर चिकटपट्टी लावली, लागतील तेवढीच बटणं उघडी ठेवली. तरी टीव्ही थांबायचाच. तेव्हा आई चिकटपट्टीवरूनही काहीतरी दाबते, असा अर्थ आम्ही काढला. राउटरचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. तो मी निवडून आणला होता.

हळूहळू "मी नाही दाबलं"च्या जागी आई "दाबलं गेलं असेल" म्हणायला लागली. मला बरं वाटलं, वाद मिटला. पुढं तिनं हाक मारणंही सोडलं. एका संध्याकाळी बायकोला ती थांबलेल्या चित्रासमोर नुसती बसलेली दिसली, हात मांडीवर ठेवून. बायको घाबरली. मीही. आपल्याला रागावतील म्हणून ती गप्प बसली असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलेलं तिनं बहुतेक सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर मला म्हणाले, "तपासणीत फारसं काही दिसत नाही. पण रोज तुम्ही बघता. घरी काय होतं?" मी टीव्हीचं सांगितलं. रिमोटचं, चिकटपट्टीचं, त्या संध्याकाळचं. आई शेजारच्या खुर्चीत ऐकत होती. विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर गॅसजवळ एकटं जायचं नाही, बँकेचं कार्ड माझ्याकडे, ओझरची बस बंद. मी गाडीनं सोडतो म्हटलं तर म्हणाली, "नको. वंदना मध्येच विसरले तर सगळ्यांसमोर शोभा."

मग मला ताप आला आणि मी हॉलमध्ये दिवाणावर पडून होतो. बातम्या चालू होत्या, आई खुर्चीत झोपलेली, रिमोट टीव्हीखालच्या फळीवर. कुणी हललंही नाही आणि चित्र थांबलं.

ताप अंगात असतानाच मी शोधायला बसलो. लाइव्ह चॅनेल कोण कोण बघतंय, हे कंपनीची लाइन ठरावीक वेळानं विचारत असते. ते विचारणं टीव्हीपर्यंत पोचवण्याची सोय माझ्या राउटरमध्ये होती, पण बंद होती. उत्तर मिळालं नाही की लाइन चॅनेल पाठवणं थांबवायची. चॅनेल बदलला की नव्यानं सुरू करायची. मी ती सोय चालू केली. बातम्या रात्रीपर्यंत अडकल्या नाहीत.

आईला सगळं सांगितलं. "तुझं काही चुकत नव्हतं. माझं चुकलं."

शाळेतल्या रडक्या पोराकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. "असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"खरंच सांगतोय."

"मग डॉक्टरांनी उगाच गोळ्या दिल्या?"

"त्यांना सांगणारा मीच होतो, आई."

आता पौर्णिमा जवळ आली होती आणि तिनं विहारात जावं, वंदना सांगावी, असं मला फार वाटत होतं. त्यासाठी तिचा स्वतःवर विश्वास बसायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी ती सोय मुद्दाम बंद केली, बातम्या लावल्या, रिमोट लांब ठेवला आणि तिच्याजवळ बसलो.

"कशालाच हात लावू नकोस. नुसतं बघ."

आम्ही दोघं बघत बसलो. कांद्याच्या भावाबद्दल कुणीतरी बोलत होता. मध्येच त्याचा हात हवेत अडकला.

"पाहिलंस?"

आईनं पडद्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. ते उलटेसुलटे करून बघितले आणि पदराखाली घेतले.

"माझाच धक्का लागला का रे कुठं?" तिनं विचारलं.