गुलाबचा उजवा खांदा

पांढुर्ण्याचा शिपाई गुलाब ज्या कंपनीत होता, तिथेच नर्सिंग ऑर्डर्ली म्हणून माझं पोस्टिंग झालं. मी सौंसरजवळच्या बोरगावचा. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आम्ही पोळ्याच्या रजेवर सोबत आलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. आता या जत्रेचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

सकाळीच एक दगड गुलाबच्या उजव्या खांद्यावर बसला. तरी हा शहाणा त्याच हातानं दिवस मावळेपर्यंत दगड फेकत राहिला.

खांदा आम्हाला मेडिकल ऑफिसरसाहेबांनी नीट शिकवला होता. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीत बसतो. चार लहान स्नायू त्याला तिथे धरून ठेवतात. वरचा स्नायू हात उचलायला सुरुवात करून देतो, पुढचा तो आत वळवतो. मागचे दोन बाहेर वळवतात आणि फेकल्यावर हाताला ब्रेक लावतात. वरून दिसणारा मोठा स्नायू कितीही तगडा असो, हे फाटले की फेकीत जोर उरत नाही.

युनिटला परतल्यावर सकाळी दहा वाजता मी बराकीत त्याचा हात बाजूनं वर धरला.

"आता हळूहळू खाली आन."

हात अर्ध्यावर आला आणि धपकन पडला. वरचा स्नायू फाटला होता.

"एम.ओ. साहेबाकडे चाल."

"नाही येत. ते मले स्टोअरमधी बसवतीन. सावरगाववाल्यानं फौजी बाद केला म्हनतीन लोकं."

"ग्रेनेड कसा फेकशीन बे?"

"फेकतो न. तू फक्त चूप राह्य."

मी चूप राहिलो. परेडला तो खांदा कानापर्यंत उचलून हात वर न्यायचा. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी काश्मीर. एका टेकडीवर चढाई होती. सकाळी सहा दहाला वरच्या खडकाआडून मशीनगन सुरू झाली. खडक तीस पावलांवर.

"गुलाब, ग्रेनेड!" जमादारसाहेब ओरडले.

त्यानं पिन काढली. हात कानाच्या वर गेलाच नाही. ग्रेनेड अर्ध्या वाटेत पडला आणि उतारावरून घरंगळत त्याच्याकडेच आला.

मी पोचलो तेव्हा सहा बारा झाले होते. मागे वायरलेसवर बोलणं चाललं होतं.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"स्ट्रेचर पाठवू? ओव्हर."

"गरज नाही. आउट."

त्याच्या घरी पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं, गोळी लागली.

राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षी मी पेन्शनवर आलो. गोटमारीला गुलाबच्या थोरल्या भावानं माझ्या हातात दगड ठेवला.

"पयला दगड गुलाबच्या नावानं. तुमीच मारा."

माझा संताप झाला. "गोटमारीतच खांदा फाटला होता त्याचा. ग्रेनेड वर गेला नाही. त्याच्याच ग्रेनेडनं गेला तो."

"गोळीनं गेला म्हनून तुमीच लेहलं होतं न?"

"खोटं लेहलं. खांद्याचं मले माहीत होतं."

मग माझ्या हातातला दगड हिसकावून त्यानं सावरगावकडे भिरकावला. गर्दी गुलाबच्या नावानं ओरडली.

मला त्या गर्दीचा राग आहे, गुलाबचा आहे, स्वतःचा सगळ्यात जास्त. त्या सकाळी मानगूट धरून त्याला एम.ओ. साहेबांकडे न्यायला हवं होतं. स्टोअरमध्ये बसून त्यानं मला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्या मला हव्या होत्या.