ओढ्यापल्याडचं घर

सुनीलचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, गेली…" एवढंच तो म्हणाला आणि मला मात्र ऐकू आलं, गेले. त्या घरातून कधीतरी फोन येणार आणि तो नानांबद्दलच असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. "कधी गेले नाना?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाना नाहीत हो… रेखाताई."

रेखा आणि मी सांगलीत एकाच शाळेत शिकवत होतो. ती भूगोल शिकवायची. शाळेची सहल काढायची तर रेखानंच, डोंगर चढताना सगळ्यांत पुढे रेखाच. तिचा धाकटा भाऊ सुनील कराडला असायचा. तिचे वडील, नाना, लष्करातून निवृत्त होऊन तिच्याजवळ राहायला आले आणि हळूहळू त्यांच्या मनातून एकेक गोष्ट निसटत गेली. आधी पाहुण्यांची नावं, मग सांगली. राहिला फक्त लहानपणचा सातारा. "मला घरी जायाचंय," म्हणत ते पहाटे बाहेर पडायचे. एकदा एसटी स्टँडवर सापडले, साताऱ्याची गाडी विचारत. तेव्हापासून रेखानं दाराला आतून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली तिच्या गळ्यात असायची. नोकरी तिनं आधीच सोडली होती. मी भेटायला गेले की ती कुलूप काढायची, मला आत घ्यायची आणि पुन्हा लावायची. तो आवाज झाला की माझाच जीव गुदमरायचा. एकदा मी तसं बोलून गेले. ती म्हणाली, "कुलूप त्यांच्यासाठी आहे गं. पण आत मीही असतेच की."

साताऱ्यात जुन्या शहराच्या लहान लहान प्रतिकृतींचं संग्रहालय आहे, हे तिनं कुठूनसं ऐकलं. नानांची वस्ती रस्ता रुंद करताना केव्हाच उठली होती, पण तिथं तरी ती दिसेल, ते घर बघतील, मग शांत होतील, अशी तिची आशा. माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. कराड येईपर्यंत नानांनी, सातारा आला का, हे किती वेळा विचारलं असेल. दर वेळी रेखा म्हणायची, "आलाच, नाना."

मोठ्या दालनात काचेखाली अख्खं गाव मांडलं होतं. वर अजिंक्यताऱ्याची तटबंदी, खाली पेठा, तळी, बोटाएवढी माणसं, बैलगाड्या. नाना वाकले आणि त्यांचा चेहराच बदलला. काचेवरून बोट फिरवत ते सांगायला लागले, "ह्यो चढ. हितनं खाली उतरायचं. ह्यो वढा. वढा वलांडला की…" आणि बोट लाकडी चौकटीवर येऊन थांबलं. तिथं गाव संपत होतं. त्यांनी चौकटीखाली डोकावून पाहिलं. "आमची वस्ती कुठं हाय?"

तिथं माहिती सांगणारी मुलगी जवळ आली. "आजोबा, मॉडेल इथपर्यंतच आहे."

"हितपातुर कसं? आमी ऱ्हात हुतो की पल्याड."

ओढ्यापलीकडे, गावाबाहेर, नानांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. नाना शाळकरी असताना सगळ्या वस्तीनं धम्म स्वीकारला, तोही तिथंच. रेखाचा आवाज चढला. "तळ्याकाठची झाडंसुद्धा दाखवलीत तुम्ही. माणसं का नाही दाखवली?" ती मुलगी गोंधळली. "मी सरांना सांगते, मॅडम," एवढंच म्हणाली.

मग रेखानं जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती चौकटीपासून दोन पावलं लांब, मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिली. "नाना, इथं?"

"जरा अलीकडं सरक," नाना म्हणाले. "हां… तितंच. आता तू आपल्या दारात हाईस."

ते तिच्या पायाशी फरशीवर बसले. हसत होते… किती वर्षांनी. पण संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तरी उठेनात. "आता घरी आलो की. आता आनि कुठं जायाचं?" शेवटी दोघींनी त्यांना धरून उठवलं. ते हात झटकत होते, ओरडत होते. गाडीत रेखा मागं त्यांच्याशेजारी बसली. "मीच त्यांना घरातून ओढून काढलं गं," म्हणाली.

नंतर नाना जास्तच हट्टाला पेटले. ती कुठंही जाईनाशी झाली, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा. आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात ती कोसळली. हृदयविकाराचा झटका. बेल वाजवूनही दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी ते फोडलं, तर नाना तिच्याजवळ बसले होते. तिच्या अंगावर त्यांनी आपली शाल घातली होती. "हळू बोला," म्हणाले. "आत्ता कुठं झोपलीय."

आता ते कराडला सुनीलकडे असतात. परवा मी जाऊन आले. सुनील सांगत होता, सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो, आणि दर वेळी ते नव्यानं ऐकल्यासारखे रडायचे. मग सांगणं सोडून दिलं. मी बसले होते तेवढ्यात नानांनी विचारलंच, "रेखा कुठं दिसंना?"

सुनीलची बायको आतून म्हणाली, "बाजारात गेल्यात, नाना. बोलवून आणू का?"

"नगं," नाना म्हणाले. "लय दिसांनी भाईर पडलीय. फिरू द्या जरा."