निर्माल्यात गेलेला रुपया

आईचा चांदीचा रुपया मी निर्माल्यात टाकला, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे केलं ते न कळून केलं असं कोणाला वाटायला नको.

आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे सिडनीत, क्वेकर्स हिलला आली होती. लक्ष्मीपूजनाला तिने बटव्यातून तिचा रुपया काढला. ब्रिटिश राजाचं मुकुटवालं तोंड असलेला, तिच्या वडिलांनी लग्नात तिच्या हातावर ठेवलेला. विड्याच्या पानावर तो मांडला आणि वर हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. सकाळी आवराआवर माझ्याकडे आली, कारण आईचे गुडघे धरले होते. निर्माल्य कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायचं नाही, वाहत्या पाण्यापाशी टाकायचं, हा तिचा हुकूम. घरामागच्या रिझर्व्हमधून, म्हणजे राखलेल्या झाडीतून, एक ओढा जातो. माझी नऊची मीटिंग होती. पानाफुलांसकट सगळं पिशवीत कोंबलं आणि ओढ्याकाठी एका गमट्रीच्या, इथल्या नीलगिरीच्या, बुंध्याशी पिशवी झटकली. दगडावर काहीतरी टणकन वाजलं. सुपारी असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईने रुपया मागितला आणि तो आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला. तोंडातून मात्र निघालं, "मी हातही लावला नाही."

मी भ्यालो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या आईला भ्यालो. ऐन दिवाळीत लक्ष्मी स्वतःच्या हाताने फेकून आलो, तीही तिच्या वडिलांची, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी जाऊन गुपचूप शोधून आणू असं ठरवलं. संध्याकाळी धो धो पाऊस आला आणि ओढा काठ सोडून वर चढला.

घरात माणसं तीन. आईने स्वतःला वगळलं, मला वगळलं. उरली बायको.

आईने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिने सुनेच्या हातचा चहा बंद केला. गुडघ्यावर हात ठेवत स्वतः उठायची आणि आपल्यापुरता कपभर करून घ्यायची. बटवा उशीखाली गेला. दार उघडं टाकून फोनवर ताईला सांगायची, "परमुलखात आपल्याच घरात चोरी, कोणाला सांगू?" बायको ऐकायची आणि कुकर लावायची. एकदाच मला म्हणाली, "तू तरी बोल ना त्यांच्याशी."

मी म्हणालो, "जाऊ दे, म्हातारपण आहे."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आईचं परतीचं विमान रविवारी होतं. शनिवारपर्यंत मी पाच वेळा ओढ्याकाठी जाऊन हातांनी चिखल चिवडून आलो होतो. शेवटी मित्राला फोन करून सगळं सांगितलं. हा मूळचा वसईचा, ब्लॅकटाउनला राहतो, हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो आणि सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधतो. दोन वर्षं मी त्याच्यामागे खुरपं आणि थर्मास घेऊन फिरतोय. त्याला आधी का नाही बोलावलं? कारण तो विचारणार होता. ओढ्याकाठी येताच विचारलंच त्याने.

"वहिनीला माहितेय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मेट, तू पागल आहेस का? पंधरा दिवस ती चोर म्हणून फिरतेय घरात."

"रुपया सापडला की सगळं मिटेल. तू मशीन चालू कर."

दुपारी दोनपासून आम्ही त्या काठाला चिकटलो. तो हेडफोन लावून डिटेक्टरची थाळी गवतावरून सावकाश फिरवायचा, थांबला की मी गुडघ्यावर बसून खणायचो. चांदीचा सूर वेगळा लागतो, स्वच्छ आणि उंच. तसा सूर लागला की तो बोट वर करायचा आणि मी खुरपं टाकून हातांनीच माती उपसायचो. बिअरची झाकणं निघाली. कॅनचे पत्रे निघाले. मग आमच्याच लोकांचा ऐवज निघायला लागला, कारण निर्माल्य टाकणारा मी काही एकटा नव्हतो. पितळेची निरांजनं, तुटकी घंटा, आणि श्रद्धेने पाण्याला सोडलेली डॉलरची नाणी, चांगली मूठभर. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी प्रत्येक नाणं बघून मला रडू येत होतं. मी देवाला म्हणालो, बाबा रे, एवढ्या सगळ्यांचं ठेवलंस, माझंच तेवढं नेलंस?

साडेपाचला तो थांबला. "गेलं ते. पाणी केवढं येऊन गेलंय बघ. घरी जा आणि सांग."

"नाही सांगू शकत."

त्याने मशीन बंद केलं. मग गाडीतून एक डबी आणली. आत त्याचं लाडकं नाणं होतं, हॉक्सबरीकडच्या एका जुन्या शेतात मिळालेला चांदीचा फ्लोरिन, डॉलरच्या आधीचं इथलं नाणं. एका बाजूला तोच राजा, तोच मुकुट. मागे मात्र कांगारू आणि इमू.

"आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे ना?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हे घे. पण आधी वहिनीला सांग. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं.

घरी आलो तर आई सोफ्यावर बसून औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होती. बायको समोर आईच्याच साड्यांच्या घड्या घालत होती. बायकोला आत बोलावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सरळ आईपाशी गेलो, तिच्या तळहातावर नाणं ठेवलं आणि म्हणालो, "सापडला बघ."

आईने अंगठा फिरवला. राजाच्या नाकावरून, मुकुटावरून. तिचा चेहरा इतका सैल पडला की मला वाटलं, सुटलो.

"केवढा झिजलाय," ती म्हणाली. मग सुनेकडे वळली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मऊ झाला होता. "दिलास ना शेवटी. झालं तर मग. चूक माणसाकडूनच होते. मी पुण्यात आणखी कोणाला बोलायची नाही."

"आई, तिने नव्हता घेतला," मी म्हणालो. "माझ्या हातून निर्माल्यात गेला होता."

"निर्माल्यात गेला तो आता कुठून आला?" आई हसली. "बायकोला झाकतोस. झाक बाबा, नवऱ्याने झाकायलाच हवं."

मी खरं बोललो होतो आणि माझ्या खिशातून निघालेलं नाणंच मला खोटं पाडत होतं. हा तो रुपया नाही, एवढंच म्हणायचं राहिलं होतं. आईची मूठ छातीशी होती. मला म्हणता आलं नाही.

बायको उठली. "बघू आई," म्हणाली आणि नाणं हातात घेतलं. तिचे डोळे चांगले आहेत. तिने ते उलटं केलं. कांगारू बघितला. माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे बघितलं. मग नाणं आईच्या तळहातावर परत ठेवून तिची बोटं एकेक करून मिटवली.

"हो आई," ती म्हणाली. "माझ्याकडेच होता."

रविवारी एअरपोर्टवर आईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. परतीच्या वाटेवर बायको खिडकीबाहेर बघत होती. ब्लॅकटाउन मागे पडल्यावर तिने विचारलं, "निर्माल्य टाकलंस त्या दिवशीच कळलं होतं तुला?"

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

"म्हणजे मी तुला म्हटलं, तू तरी बोल, तेव्हा माहीत होतं."

मी हो म्हणालो. घरी आल्यावर तिने दोन कप चहा केला, एक माझ्यासमोर ठेवला आणि आपला घेऊन आईच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली. अजून ती तिथेच झोपते.