आमच्या घोडीची गव्हाण

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा तोंडावर आली होती आणि आमची घोडी पुन्हा अंगणात लोळत होती... पोटशूळ. उठायची, मान वळवून पोटाकडे बघायची, परत खाली बसायची. आबा, म्हणजे माझे वडील, तिची मान चोळत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली, आमच्या धानोऱ्याची. माझी नव्वदी कधीच उलटली... बोलतोय मी, टाइप करतेय नात. तेव्हा चुका दिसल्या तर तिला बोला.

माझा उजवा पाय लहानपणी तापात गेला. पुढे शिकलो आणि दोन कोसांवरच्या गावात शाळामास्तर झालो. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी बंद पडल्या होत्या. घोडी होती म्हणून नोकरी होती... आणि खरं सांगायचं तर तिच्या पाठीवर बसलं की मला लंगडा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

आमचं घर बैलांचं. बैल भराभर खातो आणि मग निवांत रवंथ करत बसतो. घोडीलाही आम्ही तसंच वाढायचो... सकाळ-संध्याकाळ गव्हाण शिगोशीग भरायची आणि आपल्या कामाला लागायचं. ती दिवसभर शाळेच्या झाडाखाली उपाशी उभी असायची, घरी आली की गवतावर तुटून पडायची आणि मग तिचं पोट दुखायचं.

पण घोडं रवंथ करत नाही. त्याचं पोट थोडं थोडं, पण सारखं खाण्यासाठी केलेलं... हे आम्हा बैलवाल्यांच्या डोक्यातच आलं नाही. एका रविवारी तिला शिवारात मोकळी चरताना पाहत बसलो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन काड्या तोडायची, एक पाऊल पुढे... दिवसभर मान खालीच. रविवारी तिचं पोट कधी दुखलं नव्हतं.

आता रात्रभर मूठमूठ गवत घालत कोण बसणार? म्हटलं, असं काहीतरी करू की गवत असेल पुष्कळ, पण तोंडात येईल थोडंच.

आधी बांबूची उंच शिडी भिंतीला तिरपी बांधली आणि मागे गवत भरलं. घोडी मान वर करून ओढायची आणि सगळी कुसळं तिच्या डोळ्यात. डोळा सुजून बंद झाला. आळीतले लोक विचारू लागले, मास्तरचा कारखाना कसा चाललाय...

मग अंबाडीच्या दोराची जाळी विणली. ती बरी चालली, पण गवत संपलं की जाळी लोंबायची. एका सकाळी तिच्या पुढच्या पायाची नाल त्यात अडकली. घाबरून तिने हिसडे मारले आणि धाडकन पडली... पाय मोडला नाही, हे नशीब. त्या दिवशी मला शाळेत जाता आलं नाही आणि जेवणही गेलं नाही.

आणि त्यानंतर हा पोटशूळ... जाळी काढून टाकली होती ना, पुन्हा गव्हाणच होती. घोडी शांत झाल्यावर आबा हळूच म्हणाले, "यात्रामा इकी टाकू. जनावरना हाल व्हई ऱ्हायनात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. घोडी विकली म्हणजे शाळा गेली. मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करायचा... मला ते मरणासारखं वाटत होतं.

तरी शेवटचं म्हणून एक ऐसपैस लाकडी पेटी ठोकली. जमिनीवर ठेवायची, म्हणजे मान खाली राहील. तळाला भोकं, म्हणजे माती गळून जाईल. वरून बांबूच्या कामट्यांची सैल जाळी, जी गवत संपेल तशी आपोआप खाली बसत जाईल.

कल्पना चांगली होती. पण घोडीने पहिल्याच दिवशी कामट्या चावून फोडल्या आणि हिरडीतून रक्त आलं. मी पेटीशेजारी बसून राहिलो. डोकं चालेना...

आबा बैलांना पाणी पाजून आले. पेटीत वाकून पाहिलं, हाताने लांबी-रुंदी मोजली आणि घरात गेले. बाहेर आले ते माझी लहानपणची बाज घेऊन.

त्या बाजेवर मी तापात महिनोन् महिने पडून होतो. मायने, म्हणजे आईने, ती मोडू दिली नव्हती. आतल्या खोलीत भिंतीला उभी असायची. मी जरा शिंकलो तरी मायची नजर आधी तिकडे जायची.

आबांनी करवतीने बाजेचे चारही पाय कापले. विणीतले अधले-मधले दोर काढून मुठीएवढी भोकं केली. चौकट पेटीत गवतावर ठेवली... जड होती, घोडीला उचलून फेकता येणार नव्हती. आणि दोर काही टोचत नाही.

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "आते पोऱ्या आजारी पडना ते कोठे निजाडशात?"

आबा दोराला गाठ मारत होते. वर न बघता म्हणाले, "आते पडाव नही तो."

घोडीने दोरातून ओठ घातले आणि दोन काड्या ओढल्या. मग आणखी दोन... मला रडू आवरेना. आबा तिथून उठून गेले.

यात्रेला आबा गेले, घोडी घरी राहिली. पुढे कित्येक वर्षं मी तिच्यावरून शाळेत गेलो.

आबा 'आता पडणार नाही' म्हणाले खरे, पण आजारी मी नंतर पुष्कळदा पडलो... माणूस आहे, पडणारच. पण दर वेळी आबा आधीच ठरवून टाकायचे की हा उठणार, आणि मी उठायचो. त्यांच्यासमोर आभार वगैरे म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती... म्हणून आज तुम्हा सगळ्यांदेखत म्हणतोय.