भिंतीवरच्या मेणबत्त्या

"नाय विकायचं म्हणजे नाय! भिंत काय सांगते ते बघा आधी!"

मोकलकाकी ओरडत होत्या. माझ्या रोह्याच्या ऑफिसात, सोमवारी, बाजार नुकता उघडलेला असताना. काकींचा आवाज असा, की त्या वरसे गावात आपल्या दारात उभ्या राहून बोलल्या तर तिकडे जिते स्टेशनात पॅसेंजरचा ड्रायव्हर ब्रेक मारील. माझ्या हातात फोन, पलीकडे मुंबईचा ब्रोकर. तो विचारत होता, ऑफिसवर मोर्चा आलाय का. मी म्हटलं, एकच बाई आहे, पण लाइन सोडू नका.

भांडण साधं होतं. काकींकडे एका सिमेंट कंपनीचे शेअर होते. मोकलकाकांनी नोकरीत असताना थोडे थोडे जमवलेले. वरसेला त्यांचं घर चाललं होतं. भिंती उठल्या होत्या, स्लॅबसाठी सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या होत्या. सिमेंटचे शेअर विकायचे आणि सिमेंट आणायचं, असा सरळ बेत. मी म्हणत होतो, आज विका. काकी म्हणत होत्या, अजून चढू दे, स्लॅबबरोबर गच्चीचा जिनाही निघेल. भाव पडला असता तर जिना राहिला बाजूला, डोक्यावर स्लॅबसुद्धा आला नसता.

आणि गंमत अशी, की काकींना ही हिंमत दिली होती मीच.

मी पेणचा. धंदा सब-ब्रोकरचा. म्हणजे मुंबईचा मोठा ब्रोकर आणि गावातलं गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभा राहून दोघांच्या शिव्या खाणारा माणूस. पेणला ऑफिस, आणि रोह्याला भाड्याची एक खोली, तिथे सोमवारी नक्की जायचो. स्क्रीनवर हलणारे भाव तेव्हा मुंबईवाल्यांच्या नशिबी. आमच्याकडे फोन आणि पेपर.

अशात मुंबईच्या ऑफिसात मला कॅंडलस्टिक चार्टवरच्या एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळाली. झेरॉक्सची झेरॉक्स. इतकी पुसट, की निम्मं पुस्तक मी स्वतःच्याच अकलेनं वाचलं आणि ते निम्मं जास्त चांगलं होतं. रोज पेपरातले भाव घ्यायचे, ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं मेणबत्त्या काढायच्या. शिकलो. असा शिकलो, की बायकोनं दुधी आणला तरी मी सांगायचो कुठे उघडला आणि कुठे बंद झाला. एकदा सासऱ्यांकडे बघून म्हणालो, बॉडी भक्कम आहे, वात नाही, तेजी टिकेल. त्यानंतर सासरवाडीला माझं जाणं जरा कमी झालं.

मेणबत्ती म्हणजे काय ते सांगतो, अवघड नाही. आमची मेणबत्ती आठवड्याची. सोमवारी भाव जिथे उघडला आणि शुक्रवारी जिथे बंद झाला, त्यामधला जाड ठोकळा म्हणजे बॉडी. मधल्या दिवसांत भाव त्याहून वर जाऊन आला असेल, तर बॉडीच्या डोक्यावर तेवढी बारीक उभी रेघ. खाली जाऊन आला असेल तर खाली रेघ. ही रेघ म्हणजे वात. बॉडी सांगते भाव कुठे टिकला. वात सांगते तो कुठून हाकलला गेला.

ही विद्या जपानातल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी काढली, असं पुस्तकात होतं. ते मी गिऱ्हाइकांना सांगायला नको होतं. गागोद्याचे एक भातवाले शेतकरी म्हणाले, भातातलंच हाय तर आपल्याला काय नवीन, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच मला शिकवू लागले.

रोह्याला ग्राफ पेपर पुरेना. टेबलाभोवती डोकी अशी जमायची, की चार्ट सोडून तेलाचा वास तेवढा दिसायचा. म्हणून मी चार्ट भिंतीवर घेतला. भिंत रंगवायला माणूस आणला पेणचा, नाना पेंटर. नाना गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायचे. त्यांनी डोळे आखले की मूर्ती बघणाऱ्याच्या मनातलं ओळखायची, आणि तो बिचारा घाईघाईनं चपला शोधायचा. गणपतीचा सीझन संपलेला, हात रिकामे होते. रंगही कारखान्यातलेच उरलेले. भाव वाढला तर बॉडी पीतांबराच्या पिवळ्यात, पडला तर उंदराच्या राखाडीत. रोह्यात लोक एकमेकांना विचारायला लागले, काय रे, या आठवड्याला पीतांबर की उंदीर?

दर रविवारी ऑफिस बंद असताना नाना माझ्या ग्राफची झेरॉक्स घेऊन रोह्याला जायचे, नवी मेणबत्ती काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, माझं ऐकू नका, कुणाचंच ऐकू नका, चार्ट काय सांगतो ते बघा. छान वाक्य होतं. मला फार आवडायचं.

तेच वाक्य काकी आता माझ्या तोंडावर मारत होत्या. सिमेंटचा शेअर असा चढला होता, की पिवळ्या मेणबत्त्या भिंतीच्या तळापासून निघून वर लक्ष्मीच्या तसबिरीपर्यंत पोचल्या होत्या. शेवटची नेमकी तसबिरीच्या चौकटीखाली. छोटीशी बॉडी, पण पिवळी.

"पीतांबर हाय ना?" काकी म्हणाल्या. "बारीक असंल, पण पीतांबरच हाय. मग विकायचं कशापायी?"

मी भिंतीकडे बघितलं. बॉडी बरोबर होती. पण वर वात नव्हती. शनिवारी मी स्वतः ती वात काढली होती, इतकी लांब की पेन्सिलीला मध्ये टोक करावं लागलं होतं. भाव आठवड्यात भलताच वर गेला होता आणि वरून पार ढकलून परत आणला होता. चढलेल्या भावाच्या शेंड्यावर अशी मेणबत्ती आली की तिला शूटिंग स्टार म्हणतात. नाव सुंदर, काम वाईट. वर विकणारे दबा धरून बसलेत, असा त्याचा अर्थ. नुसत्या ताऱ्यावर विकू नये, पुढे भाव काय करतो ते बघावं, असाही नियम आहे. तो मी पाळला होता. सकाळी फोनवर विचारलं तर भाव खालीच उघडला होता.

मी पिशवीतून ग्राफ पेपर काढून दाखवला. काकींनी तो चष्म्याशी नेला आणि परत दिला.

"ही तुमची पेन्सिल. खोडरबरानं जाते. भिंतीवर नानांचा हात हाय. देवाचे डोळे काढणारा माणूस खोटी रेघ मारील व्हय?"

आमच्या गिऱ्हाइकांतला घरत नाइट शिफ्ट करून थेट आला होता, कोपऱ्यात चहा पीत होता. तो म्हणाला, "काकी, शेठला ब्रोकरेज पायजे. तुम्ही विकाल तर त्यांचा सोमवार सुटंल." सगळे हसले. घरतचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. आणि रागाच्या भरात माझी नजर नानांच्या मेणबत्तीवरून वर सरकली. ती चौकटीपाशी संपत नव्हती. चौकटीच्या खालच्या कडेला, बॉडीच्या बरोबर मध्यावर, केसाएवढी एक रेघ निघून तसबिरीमागे शिरली होती.

मी स्टूल ओढलं.

लगेच सगळे उठले. शेअरच्या ऑफिसात, बाजार चालू असताना, लक्ष्मी भिंतीवरून उतरवायची? घरतनं चहा ठेवला आणि स्टुलाचा पाय धरला. मला पडू नये म्हणून नव्हे, चढू नये म्हणून. काकी तर दारात आडव्या उभ्या राहिल्या, जणू देवी तिथून पळणार होती.

अशा वेळी माणसानं डोकं चालवावं. मी म्हटलं, "काकी, देवीला खाली ठेवणार कोण? मी तिला तुमच्या ओटीत देतोय. घर बांधताय, नको म्हणताय का?"

आता लक्ष्मी ओटीत येते म्हटल्यावर नको म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. काकी खुर्चीत बसल्या आणि पदर पसरला. घरतनं स्टूल सोडलं. मी हारासकट तसबीर काढली आणि त्यांच्या पदरात ठेवली.

मागे, पांढऱ्या चौकोनात, वात होती. चौकटीच्या तळापासून थेट खिळ्यापर्यंत. सरळ, बारीक, कुठेही न थरथरलेली, ज्या ब्रशनं नाना देवाच्या भुवया काढत त्याच ब्रशची. नानांनी रविवारी तसबीर उतरवली होती, माझ्या ग्राफबरहुकूम वात पुरी केली होती, आणि तसबीर होती तिथे पुन्हा लावली होती.

फोनमधून मुंबईचा ब्रोकर हॅलो हॅलो करत होता. काकींनी वातीकडे बघितलं, मग मांडीवरच्या लक्ष्मीकडे, मग पुन्हा वातीकडे.

"एवढ्या वर गेला व्हता?"

"गेला होता. राहू दिला नाही."

"विका," काकी म्हणाल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात.

विकले. पुढे उंदीर सुरू झाले. आठवड्यामागून आठवडा असे खाली आले, की शेवटचा उंदीर नानांना जमिनीवर पालथं पडून रंगवावा लागला. वरसेला तोवर स्लॅब घालून झाला होता. जिना नाही झाला. काकी गच्चीवर वाळवण घालायला शिडीनं चढायच्या आणि वरून मला हाक मारून सांगायच्या की जिना माझ्यामुळे राहिला. पेणला ऐकू यायचं.

चार्ट शिकायला येणाऱ्यांना मी अजून एक धडा पुस्तकाच्या आधी देतो. मेणबत्ती वाचायच्या अगोदर भिंतीवर खिळा कुठे आहे ते बघून घ्या.

त्या सोमवारी संध्याकाळी पेणला उतरल्यावर मी घरी न जाता कारखान्यात गेलो. नाना पुढच्या सीझनच्या एका मूर्तीचा उजवा डोळा आखत होते. डोळा पुरा होईपर्यंत मी थांबलो, कारण त्या कामात बोललेलं त्यांना चालत नसे. मग सगळं बोललो. वात तसबिरीमागे गेली, कुणाला दिसली नाही, एका बाईचा स्लॅब थोडक्यात वाचला; वात मागे झाकली जातेय, एवढं निदान सांगायचं तरी होतंत.

नानांनी ब्रश पुसला.

"तुम्ही काढायला सांगितलीत, मी काढली," ते म्हणाले. "दिसायला पायजे असं बोलला नव्हतात."