व्हेल्डाची पंचवीस डिसेंबरची पाळी

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका वृद्धाश्रमात नाताळच्या रजेवरून दर वर्षी जुंपायची. स्वयंपाकघराच्या तक्त्यात मात्र पंचवीस डिसेंबरपुढे व्हेल्डा क्राउसेचं नाव कुणी न विचारताच पडायचं. चोवीस वर्षं हेच चाललेलं. व्हेल्डाची मंडळी, म्हणजे तिचं छोटंसं चर्च, नाताळ पाळत नाही. येशूच्या जन्माची तारीख शास्त्रात कुठंच नाही, तो मूर्तिपूजकांचा सूर्याचा सण, ख्रिस्ती लोकांनी नाव बदलून घरात घेतला, असं ही माणसं मानतात. शनिवारी विसावा पाळतात आणि डुकराला शिवत नाहीत. व्हेल्डाच्या घरात कधी झाड सजलं नाही आणि तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. बाई ठाम होती.

पण नाताळचं जेवण म्हणजे हॅम, डुकराची अख्खी भाजलेली मांडी. व्हेल्डा ती न चाखताच रांधायची. चव बघायला तिनं हर्मन नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला नेमलं होतं. अकरा वाजले की तो चाकांची खुर्ची रेटत हजर.

"मीठ कमी आहे. तुझ्या मंडळीला सणांसारखं मिठाचंही वावडं का गं?"

"जास्त बोललास तर पुढच्या वर्षी कोबी उकडीन."

यंदा मात्र मंडळीचे प्रमुख ब्रदर लॉइड आडवे आले. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"सिस्टर, घरी नाताळ नाही म्हणता आणि तिथं त्याचीच पंगत वाढता. मुलं काय शिकणार? यंदा ती पाळी घेतलीत तर मुलांचा वर्ग सोडावा लागेल."

तो वर्ग व्हेल्डा एकोणीस वर्षं चालवत होती. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. ती शनिवारची चिल्लीपिल्ली हाच तिचा संसार होता.

"ती तारीख देवानं दिलेली नाही, हे मीच शिकवते त्यांना," ती म्हणाली. "पण भूक त्यानंच दिलीय, ब्रदर. तिथल्या बेचाळीस जणांची."

"दुसरं कुणीतरी रांधेल."

"कोण? तुम्ही येता?"

लॉइड मागे हटले नाहीत. गाडीत बसल्यावर व्हेल्डा पोटभर रडली. सोमवारी तिनं तक्त्यावर आपल्या नावापुढे सही केली.

पंचवीसला दुपारी लॉइड स्वतःच वृद्धाश्रमात आले. त्यांची आई सिग्ना तिथंच राहायची. तिला जेवणघरातल्या नाताळच्या झाडापासून दूर, खोलीत नेऊन बसवायचं म्हणून ते आले होते. सिग्ना एक्क्याण्णव वर्षांची. लग्नानंतर ती या मंडळीत आली, त्याआधी डेन्मार्कहून आलेल्या आईबापांच्या घरी नाताळ आणि त्या दिवशीचा दूधभात यांतच लहानाची मोठी झाली. आता तिला मुलाचं नावही आठवत नव्हतं. महिनाभर ती चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. दूधभात, दूधभात, एवढंच पुटपुटायची. म्हणून व्हेल्डानं आज दुधात भात शिजवला होता, वर दालचिनी आणि लोणी.

लॉइडनी आईची खुर्ची टेबलापासून मागे ओढली. म्हातारीनं टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"असू द्या," व्हेल्डानं वाडगा पुढे ठेवला. "माझे हात अडकलेत. तुम्हीच भरवा."

लॉइडनी चमचा पुढे केला. सिग्ना वाडग्याकडे बघत राहिली, मग मुलाकडे.

"आज नाताळ आहे का रे?"

लॉइडनी सत्तर वर्षांत हा शब्द कौतुकानं कधी उच्चारला नव्हता. व्हेल्डा हॅम कापायची थांबली.

"हो, आई," ते म्हणाले. "आज नाताळ आहे."

म्हातारीनं तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, मग सगळा वाडगा. लॉइडच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि एका हातात वाडगा, दुसऱ्यात चमचा, पुसायला हात मोकळा नव्हता.

वाडगा परत द्यायला ते स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांची नजर जमिनीवर होती.

"तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं मी. मानतो म्हणून नाही."

"मग मी चोवीस वर्षं दुसरं काय करतेय, ब्रदर?"

व्हेल्डानं वाडगा पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला. आई खातेय तोवर तिला भरवून घ्यायला हवं होतं.

दारातून वळून त्यांनी विचारलं, "शनिवारी तुमचा वर्ग दहालाच ना?"

"दहालाच," व्हेल्डा म्हणाली.